माझ्या तोंडातला बोळा

“बाबा, तुमची एकच नाकपुडी का वाहते हो?”

हे विचारून दाखव, अशी पैज भिंगरीशी तिच्या मैत्रिणींनी लावली होती. त्या दाराआड खिदळत होत्या. बाबांनी रुमाल घाईने खिशात कोंबला, पण त्यावरचं रक्त तिने पाहिलंच. कोपऱ्यातून मीही पाहिलं.

मित्रांनो, मी सुतारकामाच्या कारखान्यातला एक जुना, भुसा ओढणारा पंखा आहे. मला पत्र्याचं पोट आहे, लांब सोंड आहे आणि भयंकर राग आहे!

नवा होतो तेव्हा करवतीचा भुसा उडायच्या आत गिळायचो. सगळे वाहवा करायचे. मालक म्हणजे भिंगरीचे थोरले काका. त्यांना तेच खुपलं. “लाकूड करपतंय हे सुताराला वासावरून कळतं. हा मेला वासच पळवतो!” म्हणत त्यांनी माझ्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबला. बाबा तिथेच सुतार, पण आपल्या या दादापुढे ब्रही काढत नसत. फळी कापली की चिमूटभर भुसा नाकाशी धरून हुंगायचे. मी दात नसताना दातओठ खायचो.

भिंगरीने मात्र पिच्छा पुरवला. “सर्दी काय एकाच बाजूला होते? चला डॉक्टरकडे!”

पुढचं मला कळलं ते आई कारखान्यात येऊन कडाडली तेव्हा. “भावजी, नाकाच्या आतल्या पोकळीत कॅन्सर निघालाय! वर्षानुवर्षं बारीक भुसा नाकात गेला की होऊ शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरीने वेळेवर नेलं म्हणून आशा आहे.”

ऑपरेशन झालं, किरणांचे उपचार झाले. बाबा वाचले, पण वास येणं कायमचं बंद झालं. ते भिंगरी आणि आईबरोबर पुन्हा कामावर आले तर काका म्हणतात कसे, “रुमाल बांध नाकाला, झालं!”

भिंगरीने माझा बोळा उपसला आणि बटण दाबलं. पहिल्याच घोटात मी काकांची टोपी गिळली. चुकून? छे, नेम धरून!

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला तेल घाला, अशा विनवण्या मी करणार नाही. माझं तोंड बांधाल तर याद राखा!

काका बोडक्या डोक्याने थयथयाट करत होते. भिंगरी आईबाबांकडे वळली.

“मी ठरवलंय. वायरमन येतोय. पंखा आणि करवत एकाच बटणावर. पंखा बंद, तर करवतही बंद. काका रुसले तर रुसू देत, मी समजूत काढणार नाही!”