न ऐकता दिलेला होकार

कौमुदीने मान हलवली आणि तिथेच सगळं फसलं. पण हे तिला कळलं चार दिवसांनी, मंगळवारी, मुग्धाचा मेसेज आला तेव्हा.

‘कौमुदीताई, शुक्रवारी तुम्ही हो म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला. पुष्करने लगेच तारीख घेतली.’

कौमुदी सौदीतल्या अल-खोबरच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. हातातली बाटली खाली ठेवून तिने मेसेज पुन्हा वाचला. आपण कशाला हो म्हणालो? आणि तारीख कसली?

दोन वर्षांपूर्वी मेनिन्जायटिसने तिचे दोन्ही कान गेले होते. नंतर उजव्या कानात ऑपरेशन करून इम्प्लांट बसवलं. कानामागचं छोटं यंत्र आवाज टिपायचं आणि आत पाठवायचं. घरात किंवा लॅबमध्ये एकेकाशी बोलताना आता तिला जवळजवळ सगळं कळे. पण चार माणसं एकदम बोलू लागली की चार वेगळे कपडे एकाच बादलीत भिजवावेत आणि सगळ्यांचा रंग एकमेकांना लागावा, तसं व्हायचं. कुठला आवाज कुणाचा, काही उमजत नसे. मग ती समोरच्याचा चेहरा पाही. तो हसला की हसायचं, बोलता बोलता थांबला की मान हलवायची. दर शुक्रवारी आठ मराठी कुटुंबं हॉटेलात जेवायला जमत, मुग्धा-पुष्करचंही त्यातलंच. तिथे तिने वर्षभर अशीच वेळ मारून नेली होती.

“पुरणपोळ्या असतील,” संध्याकाळी प्रसाद म्हणाला. “गणपतीला पन्नास. आता बस लाटत.”

“थट्टा पुरे. तू तिथेच होतास ना?”

“मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो, त्या बडबड्या विजयकुमारांच्या तावडीत. आणि कौमुदी, तू अशी काही मान डोलावतेस की नवरा असून मीसुद्धा फसतो. सरळ विचार ना तिला.”

“काय विचारू? तू काय विचारलंस ते ऐकूच आलं नाही, असं?”

“हो. अगदी असंच.”

तिने विचारलं नाही. नुसता अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी मुग्धाने लांबलचक लिहिलं. तिची सानिका दोन वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. ‘इम्प्लांटचं ऑपरेशन येत्या रविवारी. मला एकच भीती होती, पुढे शाळेत तीस पोरांच्या गोंगाटात हिचं कसं होणार. म्हणून तर मी हॉटेलातच तुम्हाला विचारलं, एवढ्या आवाजात सगळं कळतं का. तुम्ही हो म्हणालात. पुष्कर म्हणाला, ताई मोजूनमापून बोलणाऱ्या, आणखी काय पुरावा हवा?’

लॅबमध्ये जी मोजणी झालीच नाही तिच्यापुढे रेघ मारायची, हा कौमुदीचा नियम. अंदाजाने आकडा भरणाऱ्याची ती गय करत नसे. आणि तिने स्वतः काय केलं होतं?

खरं सांगावं, तर मुग्धा बिचकेल, तारीख पुढे ढकलेल. भाषा शिकायच्या या वयात वाया गेलेला महिना पुन्हा मिळत नाही, हे कौमुदीला माहीत होतं. न सांगावं, तर उद्या वर्गात पोरगी गोंधळेल आणि घरचे म्हणतील, ऑपरेशन फुकट गेलं. नाहीतर म्हणतील, हिचं लक्षच नसतं. हे दुसरं तिला जास्त लागलं.

तिने लिहिलं, ‘शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटली की त्याच हॉटेलात ये. तू आणि सानिका, दोघीच.’

प्रसादने तिला दारात सोडलं. दीड वाजला होता आणि घरंच्या घरं जेवायला लोटली होती. मंदीच्या, म्हणजे अरबी मटण-भाताच्या, थाळ्या टेबलांवर आदळत होत्या, मुलं टेबलांमधून धावत होती. मुग्धाने नेहमीच्या मायेने कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली. सगळ्यांनी ती कौमुदीसाठी ठरवूनच टाकली होती. पाठीशी भिंत, म्हणजे शांत.

कौमुदी तिथे बसली आणि तिने पिशवीतून वही काढली.

“मुग्धा, तोंडापुढे मेन्यू धर, ओठ दिसायला नकोत, आणि दहा शब्द म्हण. साधे, घरातले. मी ऐकते ते लिहिते.”

मुग्धा हसली, पण तिने मेन्यू धरला. कौमुदीने लिहिलं, चमचा. मग रेघ. रेघ. पाटी. रेघ. वही फिरवून तिने मुग्धापुढे ठेवली. दहात दोन शब्द, आठ रेघा.

मुग्धाचं हसू मावळलं. तिने सानिकाला मांडीवर ओढून घेतलं.

“थांब, झालं नाही. आपण जागा बदलू,” कौमुदी म्हणाली.

ती उठली आणि मुग्धाला भिंतीकडच्या खुर्चीत बसवून स्वतः समोर बसली, साऱ्या हॉटेलाकडे पाठ करून. “हे यंत्र समोरचं जास्त ऐकतं, पाठीमागचं कमी. त्या कोपऱ्यात बसलं की अख्खं हॉटेल माझ्यासमोर. आता मेन्यू खाली ठेव. नवे शब्द घे.”

यावेळी सात शब्द आले.

मुग्धाने वहीतले शब्द मोजले. मग तिने मान वर केली. “शाळेत शिक्षा करतात तशा बसला आहात, भिंतीकडे तोंड करून.”

“हो. सगळ्यांकडे पाठ करावी लागते, म्हणून वर्षभर अशी बसले नाही.”

“मग त्या दिवशी मान का हलवलीत, ताई? माझ्या पोरीचा प्रश्न होता.” तिचे ओठ थरथरत होते, तरी शब्द कळले.

“प्रश्न ऐकूच आला नव्हता. तसं म्हणायची लाज वाटली. चुकलं माझं.”

सानिकाने पेन्सिल पळवली आणि रेघांवर आणखी रेघा ओढल्या. कौमुदी तिच्याकडे बघत हळू म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी मला दहाच्या दहा रेघा होत्या, मुग्धा, शांत खोलीतसुद्धा. शाळेत हिच्या बाईंच्या गळ्यात छोटा माइक देता येतो, आवाज थेट हिच्या यंत्रात जातो. पहिला बाक मागायचा. पण गोंगाटात हिला त्रास होईल. तेवढं धरून चाल आणि मग ठरव.”

सानिकाचं तोंड पुसायला मुग्धा बाजूला वळली, आणि वळता वळता काहीतरी म्हणाली.

कौमुदीची मान सवयीने खाली जायला लागली होती. तिने ती अर्ध्यावर थांबवली.

“कळलं नाही. माझ्याकडे बघून परत सांग.”

मुग्धाने तोंड तिच्याकडे केलं. “रविवारी सकाळी सातला न्यायचंय तिला. याल ना हॉस्पिटलात?”

“येईन,” कौमुदी म्हणाली.