शॉर्टस्टॉपची माती

परसराम कानडजे कॉलेज सोडून गावी निघाला तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली माती त्याच्या मागोमाग एसटीत चढली. कंडक्टरनं निमूट तिचं अर्धं तिकीट फाडलं.

त्या मातीवर, शॉर्टस्टॉपच्या जागी उभा राहून परश्या आठ वर्षं बेसबॉल खेळला. सरपटत आलेला चेंडू उचलायचा, पहिल्या बेसवर फेकायचा. एकही सुटला नाही. ‘म्हणजे क्रिकेटच ना?’ असं विचारणाऱ्या भोपळ्यांना उत्तर देणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. असा गडी हातचा कोण जाऊ देईल? कॉलेजचे क्रीडा संचालक मापारी सर, तो पास झाला रे झाला की त्याला नव्या वर्गात कोंबत. मराठी झालं, पाली झालं, ग्रंथालयशास्त्र झालं. कप कॉलेजच्या कपाटात, फोटो सरांचा पेपरात, आणि परश्याला शाल-नारळ. नारळाची चटणी होते, शालीचं काहीच होत नाही.

आता खेळाडूंच्या कोट्यातून शिपायाची एक जागा निघाली होती. मुलाखत उद्या सकाळी, गावाजवळच तालुक्याला. पुढच्या खेपेला वय बसणार नव्हतं.

माती घरभर पसरली. दुसरा बेस शेगडीपाशी बसला, तिसरा मोरीच्या तोंडाशी. आणि जिथं परत पोचल्याशिवाय रन मिळत नाही ते होम, बरोब्बर उंबऱ्यावर.

“हे काय आणलं रे बाप्पा?” आई म्हणाली.

“माझी जागा आहे.”

“मंग तिले म्हण, पाय पुसून ये.”

सकाळी बाप टॉवेल गुंडाळून शेगडीकडून मोरीकडे निघाला. परश्याच्या हातानं वाटेतच त्याच्या पाठीला कांदा टेकवला.

“बेस सोडलेल्याला चेंडू टेकला की आऊट,” परश्या म्हणाला. त्याला स्वतःलाच लाज वाटली.

“नियम म्हणजे नियम,” म्हणत बाप बिनआंघोळीचा खाटेवर जाऊन बसला.

परश्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, दाराकडे निघाला. तो एक पाऊल टाकी, घर दोन पावलं लांब होई. रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला.

तेवढ्यात अंगणात मापारी सर उगवले. काखेत शाल, हातात नारळ.

“परसराम, अभिनंदन! तुझं नाव घातलं. एम.ए. संस्कृत.”

“सर, मला संस्कृत ओ की ठो येत नाही.”

“वा! मग तर चार वर्षं नक्की.”

“मला नोकरीला जायचंय, सर.”

“जा की. मी धरलंय का?” सर हसले, आणि त्यांनी नारळ घरात सरपटत सोडला. सरपटत आलेलं काही परश्याच्यानं सोडवत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मग ते उंबऱ्यापाशी उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी शाल पसरून वाट पाहू लागले.

परश्यानं आयुष्यात पहिल्यांदा नारळ जाऊ दिला. तो पळत सुटला. मोरीपाशी तिसरा बेस पायानं दाबला, तो शिवल्याशिवाय होम नाही, मग वळला, आणि घर चटाचटा आखूड होऊ लागलं.

“पळ, लेका!” बाप खाटेवर उभा राहून ओरडला. टॉवेल सुटला, तरी तो ओरडतच राहिला.

उंबऱ्यावर सरांच्या शेजारी आई उभी होती, मुलाखतीला जाणाऱ्या पोराच्या तळहातावर घालायला दही-साखर घेऊन. परश्यानं पोटावर झेप घेतली. मागं काहीतरी सूं करून सुटलं. त्यानं मान वळवून पाहिलं. त्याचे दोन्ही हात जागेवरच राहिले होते, त्यांनी नारळ उचलून थेट सरांच्या शालीकडे फेकला होता.

“हात पुढं कर, बाप्पा,” आई म्हणाली.