आधी मास्तर काढा लागते

शेलूबाजारच्या त्या शाळेत चालू स्थितीतला कॉम्प्युटर एकच होता आणि तो देवानंद सरांचा होता. तसा तो शाळेचा. अमरावतीच्या कॉलेजातल्या पोरांनी जुना का होईना पण दान म्हणून आणून बसवला होता. तो इतका म्हातारा होता की त्याच्यावर लिहायचा एकच प्रोग्रॅम चाले. काळा पडदा, पांढरी अक्षरं. त्यात सगळं बटणांनी करायचं. आत कसं जायचं हे पोरांनी सरांना शिकवलं, बाहेर कसं यायचं हे शिकवणार तेवढ्यात त्यांची जीप निघाली.

तेव्हापासून सर बाहेर आले नव्हते. लाइट गेली की आपोआप यायचे. लाइटसोबत मजकूरही जायचा.

स्नेहसंमेलनाचं निमंत्रण त्यांनी आता चौथ्यांदा टाइप केलं होतं. छापखान्यात पाठवायची त्यांची पद्धत सोपी होती. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि धाडून द्यायचा. आज फक्त फोटो राहिला होता. सर मोबाइल चार्ज करायला बाजारात गेले आणि जाताना दारातून ओरडले, "कम्प्युटरले जो हात लावन, त्याचं संमेलनातलं काम गेलं समजा!"

हे ज्यांनी ऐकलं त्यांत निकिता होती. नववीत होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतल्यापासून ती घरात पाणी मागतानाही आधी "आदरणीय" म्हणत असे. संमेलनाचं सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. तिने पडद्याकडे फक्त पाहिलं. पाहायला बंदी नव्हती.

तिथे लिहिलं होतं: सूत्रसंचालन : कु. निकिती.

पहिल्या खेपेला ती नीकिता होती, दुसऱ्या खेपेला निकीता, तिसऱ्यांदा निक्ता. सर दर वेळी जवळ येत होते आणि दर वेळी चुकत होते.

"एक अक्षर तं हाय," ती मंजूला म्हणाली. मंजू तिची मैत्रीण, मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यातली, इथे मावशीकडे राहून शिकायची.

"एका अक्षरासाठी सूत्रसंचालन घालवतं का वं?" मंजू म्हणाली. "निकिती बी चांगलं हाय. विदेशी वाटते."

निकिताने बाणाच्या बटणांनी नावापर्यंत जाऊन अक्षर खोडलं आणि नवं घातलं. निकिता झाली. आता प्रश्न एवढाच होता की हे असंच राहील का, की आणखी काही दाबावं लागतं? भिंतीवर कॉलेजच्या पोरांनी एक कागद चिकटवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अडचण आली तर कोलन हेल्प टाइप करून एंटर दाबा.

तिने कोलन दाबला. मग एच, ई, एल, पी. एंटर दाबलं.

पडद्यावर आलं: कु. निकिता छपातज.

"आडनाव भेटलं तुले," मंजू म्हणाली.

"हे काय वं? छपातज म्हंजे?"

"आमच्या बोलीत छ म्हंजे हाय. पातज काय छ, मले नाही मालूम."

निकिताने कागद पुन्हा वाचला. हेल्पच्या वर बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: आधी कोपऱ्यातलं एस्केप दाबा. बारीक अक्षरातलंच महत्त्वाचं असतं हे तिला बँकेतल्या फॉर्मांवरून माहीत होतं, पण आठवलं आत्ता. तिने एस्केप दाबलं. पुन्हा हेल्प टाइप केलं. या वेळी काहीच उमटलं नाही. कॉम्प्युटर फक्त 'टुक' म्हणाला. तिने पुन्हा केलं. टुक, टुक.

"नाही म्हणून राह्यला तो," मंजू म्हणाली. "काहून आयकन? मास्तर बसला हाय ना वर."

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत दोन अक्षरं होती. एम आणि आर. सरांनी पहिल्याच दिवशी वर्गाला समजावलं होतं: एम-आर म्हणजे मास्तर. इ-एन म्हणजे एन्ट्री नाही. सर बसले की माउसने त्याच्यावर टिचकी मारून मास्तर करून घेत.

"मंग मास्तर काढ," मंजू म्हणाली.

"सरले कळलं तं?"

"छपातज वाचून नाही कळणार का?"

हे बरोबर होतं. निकिताने टिचकी मारली. एन्ट्री नाही झालं. मग तिने हेल्प टाइप केलं आणि पडदा दोन भागांत फाटला. वरच्या भागात इंग्रजी मजकुराचा पूर आला. एम-आर म्हणजे मराठी असेल आणि इतका वेळ आपण इंग्रजी बटणांनी मराठी लिहीत होतो, हे दोघींच्याही ध्यानात आलं. पण मास्तरवालं स्पष्टीकरण जास्त पटत होतं, आणि चालतही होतं.

मजकुरात लिहिलं होतं की हेल्पच्या पुढे विषय लिहिला तर त्या विषयाची मदत मिळते. निकिताने विषय लिहिला: निकिता.

उत्तर आलं: सॉरी, निकितासाठी मदत नाही.

"वळखते तुले," मंजू म्हणाली.

मग त्या शिस्तीत बसल्या. मंजू बोट ठेवून वाचायची, निकिता अर्थ लावायची. लिहायला आय. खिडकी बंद करायला, नाहीतर बाहेर पडायला कोलन क्यू. जपून ठेवायला कोलन डब्ल्यू. केलेलं परत न्यायला यू. आणि एका ओळीत कंसात सावधगिरीची सूचना: न जपता बाहेर पडलात तर सगळं जाईल. ही ओळ दोघींनी दोनदा वाचली. सरांचं आजवरचं आयुष्य त्या एका ओळीत होतं.

निकिताने मदतीची खिडकी बंद केली. यू दाबला. छपातज गेलं. सोबत तिचं अक्षरही गेलं. कु. निकिती.

"बस आता," मंजू म्हणाली. "जसं व्हतं तसं झालं. उठ. सर येतीन."

निकिता उठली नाही. तिने आय दाबला, मास्तर बसवला, अक्षर बदललं, एस्केप दाबलं, मास्तर काढला, कोलन डब्ल्यू केलं. खाली ओळ आली की लिहिलं गेलं. आणि मग, गरज नसताना, निव्वळ करून पाहायला म्हणून, कोलन क्यू.

ती बाहेर आली.

नेमके तेव्हाच सर दारात आले. त्यांनी पडदा पाहिला. निमंत्रण नव्हतं.

"लाइट गेली व्हती का?" त्यांनी शांतपणे विचारलं. पाचव्यांदा टाइप करायची त्यांची तयारी झालेली दिसत होती.

मंजूने निकिताच्या पायावर पाय ठेवला. हो म्हणायला एकच शब्द लागत होता.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"नाही सर," निकिता म्हणाली. "मी हात लावला. मजकूर हाय, जपून ठेवला." तिने तो उघडून दाखवला.

निकिता बाजूला झाली. सरांनी खुर्चीत बसून वाचलं. नावापाशी थांबले. "निकिती नाही व्हय?"

"निकिता, सर. हजेरीत बी निकिताच हाय. तुमी रोज घेता."

सूत्रसंचालनाचा विषय हवेत तसाच होता, पंख्याखाली.

"बाहेर तू आली?" त्यांनी विचारलं. "लाइट न जाता?"

"हाव."

"कशी?"

निकिताने घसा साफ केला. "आदरणीय सर," ती म्हणाली, "आधी मास्तर काढा लागते."

सर खुर्चीवरून उठले.

"बस इथं," ते म्हणाले. "दाखव. अन् संमेलनात बोलशीन तवा मले आदरणीय एकदाच म्हणजो, दरवेळी नाही."