सव्वापट वजन

त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. तीस वर्षं तो माणसांना वर-खाली करत होता, स्वतः मात्र आडवा कुठे गेला नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणं ही नोकरी, आणि लोकांची फिरकी घेणं हा खरा धंदा. एकदा मेव्हण्याच्या आरामखुर्चीवर त्याने 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लटकवली होती. बिचारा मेव्हणा दोन तास भिंतीला टेकून उभा राहिला.

पण हसणाऱ्या माणसालाही ठणका असतो. याचा ठणका म्हणजे ताई.

ताई मोठी बहीण. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता, ती अठराची. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं आणि वेळेला धोपटलंही. आता ती डोंगरावर झाडांची रोपं वाढवते, एकटीच. डांबरी रस्ता संपला की पुढे नऊ किलोमीटर दगडधोंड्यांची वाट. हा पूर्वी चालत जायचा. मग चार वर्षांपूर्वी गुडघ्याने राजीनामा दिला आणि भेटी थांबल्या. उरला फोन. तिला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळायची, म्हणून दर गुरुवारी पाच वाजता ती टाकीपाशी उभी राहायची आणि हा इथे कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर.

"कधी येतोस?"

"गाडी बघतोय ताई."

"अजून बघतोच आहेस? मुलगी बघायलासुद्धा एवढी वर्षं लावली नव्हतीस."

खरंच बघत होता. चारी चाकांना जोर देणारी वॅगन हवी होती. जीप नको, बायकोची कंबर खिळखिळी होते. वॅगन कशी, बसायला घरच्यासारखी आणि चढायला बोकडासारखी. नवी परवडत नव्हती, म्हणून सेकंडहँड. तीन वर्षांत अकरा वॅगनी पाहिल्या आणि अकराही नापास केल्या. विकणारे त्याचा नंबर दिसला की फोन उचलत नव्हते.

बारावी वॅगन एका निवृत्त दातांच्या डॉक्टरीणबाईंची. नवरा गेल्यावर दोन वर्षं ती दारात झाकून ठेवलेली. बाईंनीही म्हणे नऊ गिऱ्हाइकं परत पाठवली होती, कुणाचे हात आवडले नाहीत, कुणाचं तोंड.

लिफ्टवाला सरळ गाडीखाली शिरला. बरोबर आलेली बायको बाईंना म्हणाली, "आता अर्धा तास फक्त पाय दिसतील. आपण चहा घेऊ."

खालून आवाज आला, "पत्रा घासलाय! म्हणजे खरंच रानात गेलेली आहे. चांगलं आहे."

मग त्याने चारही टायरांची नक्षी किती खोल आहे ते मोजलं आणि शिट्टी वाजवली. "बाई, तीन जुने आणि एक कोरा? चारी चाकं एकत्र फिरणाऱ्या गाडीला हे चालत नाही. एक पाय चपलेत आणि एक उंच टाचेत घालून चालल्यासारखं. मधला गिअरबॉक्स रडतो."

"शेवटच्या सफरीत एक फाटला," बाई म्हणाल्या. "हे म्हणाले, बाकीचे पुढच्या महिन्यात घालू." त्यांनी कोऱ्या टायरवरची धूळ पदराने पुसली.

लिफ्टवाल्याची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "टायर काय, बदलता येतात," तो पुटपुटला. "चढावर बघू."

चढ म्हणजे गावाबाहेरच्या बंद खाणीचा. निघण्याआधी त्याने आपल्या कामाच्या टेम्पोतून बिडाची वजनं काढली, पंचवीस-पंचवीस किलोची, आणि वॅगनच्या मागे एकेक रचली. एकूण चौदा. बाई बघत राहिल्या. बायको बघितलंच नाही अशी पुढे जाऊन बसली.

गाडी अर्ध्या चढापर्यंत गेली. मग धापा टाकायला लागली, मागे बसली आणि थांबली.

"नापास," लिफ्टवाला म्हणाला. आवाजात दुःख हवं होतं. होती सुटका. बायकोने ती बरोबर पकडली.

"अहो, मागे काय भरलंय?"

"वजनं. नियमच आहे. जेवढा भार पेलायचा त्याच्या सव्वापट लादून चाचणी घ्यायची."

"नियम लिफ्टचा. ही गाडी आहे. हिचा दोर तुटून आपण तळमजल्यावर पडणार आहोत का?"

"सवय आहे गं."

"अकरा गाड्या याच सवयीने नापास केल्यात. मी बोलले नाही, म्हटलं माणूस वेडा आहे. पण तुम्ही वेडे नाही आहात." ती त्याच्याकडे वळली. "तुम्हाला वर जायचंच नाहीये."

मागे बाई खिडकीबाहेर बघू लागल्या, जणू खाण फारच सुंदर आहे.

लिफ्टवाल्याने विनोद शोधला. खिशात एकही सापडला नाही. "फोनवर ती अजून मला ओरडणारीच ताई आहे," तो शेवटी म्हणाला. "वर गेलो, आणि दारात कुणीतरी म्हातारी उभी असली तर?"

मग बाईंनी दार उघडलं. "उतरवा ते लोखंड. माझ्या गाडीची बदनामी होतेय."

चौदा वजनं तिघांनी उतरवली. बाईंनी दोन उचलली आणि दात काढण्यापेक्षा हे सोपं आहे असं जाहीर केलं. मग लिफ्टवाल्याने गिअर टाकला. वॅगन किंचित थरथरली, चारी पायांनी जमीन धरली आणि निमूटपणे वर गेली. वर गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच न्या ही."

चार नवे टायर घातल्यावर पुढच्या रविवारी नवरा-बायको निघाले. नऊ किलोमीटरला सव्वा तास लागला. एका ओहोळात गाडी तिरकी झाली तेव्हा बायकोने त्याचा दंड असा धरला की वळ उठले. शेवटच्या वळणावर रोपांच्या हिरव्या रांगा दिसल्या, आणि फाटकाशी एक बाई. बारीक. पांढरी. हात कपाळावर आडवा धरलेला.

काहीतरी करायला हवं होतं. जे येत होतं तेच त्याने केलं. टोपी डोळ्यांवर ओढली, खाली उतरला आणि घसा बसवून म्हणाला, "बाई, जमिनीची मोजणी करायला आलोय. सरकारी माणूस."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सुटलेलं पोट, लंगडता पाय, टोपीखालून डोकावणारं टक्कल. फार वेळ न्याहाळलं. तिची हनुवटी एकदा हलली.

"मोजा की साहेब," ती म्हणाली, "पण आधी पाय पुसा. पन्नास वर्षं सांगतेय."

दारातल्या पायपुसण्यावर तो कितीतरी वेळ पाय पुसत राहिला. चिखल केव्हाच निघाला होता.