बाईंचा डावा हात

“आवाज हाच माणसाचा खरा दागिना. देह झिजतो, जमिनीच्या वाटण्या होतात, पण आवाज कुणाला हिरावून घेता येत नाही,” पंचाक्षरी आप्पा ओसरीवर बसून म्हणाले.

“मग तेवढा त्या गॅसवाल्याला द्या,” आतून सखूबाई म्हणाल्या. “पुढं निघालाय त्यो.”

आप्पांनी आवाज दिला. गॅसवाला पुढंच निघून गेला.

हेच आप्पा एकतीस वर्षं कळंबच्या स्टँडवर गाड्या पुकारत होते. एका दमात अकरा गावं घ्यायचे. ज्यांना कुठंच जायचं नसायचं ती माणसंही पिशवी उचलून उभी राहायची. नंतर स्टँडवर यंत्रातली बाई बोलायला लागली आणि आप्पा निवृत्त झाले. घरात तर त्यांचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत लोक उठून जात. आप्पांना आता एवढंच हवं होतं, की कुणीतरी आपल्याकडं तोंड करून बसावं आणि शेवटपर्यंत ऐकावं.

म्हणून गावातल्या शाळेचे वैजनाथ सर विचारायला आले, तेव्हा काम काय ते ऐकायच्या आधीच आप्पा ‘हो’ म्हणाले. काम असं होतं, की पहिली-दुसरीच्या अकरा पोरांकडून केंद्रातल्या शाळांच्या स्पर्धेसाठी एक कविता हावभावासह बसवून घ्यायची. सरांना स्वतःला वेळ नव्हता. ते ऑनलाइन माहिती भरत होते. गेली दोन वर्षं भरत होते.

कविता कपाटातल्या जुन्या वहीत सापडली. वही द्वारकाबाईंची. बाई या शाळेवर सव्वीस वर्षं होत्या आणि चार वर्षांपूर्वी वारल्या. आताच्या पोरांपैकी एकही त्यांच्या हाताखाली शिकलेलं नव्हतं.

आमची शेळी चष्मा घालती,
पेपर वाचत रानात चालती.
बरी बातमी गालात धरती,
वाईट बातमी रवंथ करती.

पहिल्या दिवशी आप्पांनी उजवा हात उंच करून शेळी दाखवली. समोरच्या अकराही पोरांनी डावा हात वर केला.

“असंच व्हनार की,” वैजनाथ सर कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाले. “लहान लेकरं आरशात बघितल्यासारखं करत्यात, आप्पा. त्यांचा उजवा पायजे तर आपन डावा करायचा. परीक्षक डाव्या हाताचे मार्क कापतेत.”

आप्पांनी डाव्या हातानं करून पाहिलं. त्यांची शेळी विहिरीत पडल्यासारखी दिसली. त्यांनी परत उजवा धरला आणि पोरांवर सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी उजवा हात वर केला, तर अकरा उजवे हात वर आले. एकदम.

आप्पा खूश झाले. पोरं तीन दिवसांत हुशार झाली, याचं श्रेय कुणाचं, हे त्यांनी ठरवूनही टाकलं. ‘चष्मा’ आल्यावर पोरांनी बोटांची कडी करून डोळ्यांना लावली. छान केलं. ‘रवंथ’ आल्यावर जीभ गालात घालून जबडा हळूहळू आडवा फिरवला. तेही छानच. फक्त यातलं काहीच आप्पांनी शिकवलेलं नव्हतं.

मग त्यांच्या लक्षात आलं, की पोरं त्यांच्याकडं बघतच नाहीयेत. बावीस डोळे त्यांच्या उजव्या खांद्याच्या वीतभर वर लागलेले होते.

आप्पांनी मागं वळून पाहिलं. फळ्यावर तारीख होती, आणि ‘नेहमी खरे बोलावे’ हा सुविचार.

“कुनाकडं बघायलाव रं?”

“बाईकडं,” पुढच्या रांगेतली प्रतीक्षा म्हणाली. हे आप्पांना विचारावं लागतं याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

“कोन्त्या बाई?”

प्रतीक्षानं बोट केलं. आप्पांनी यावेळी वळून पाहिलं नाही. मानेमागं गार वाटत होतं आणि डोक्यावरचा पंखा वीज गेल्यानं सकाळपासून बंद होता.

चौथ्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवून हात खिशात घातले आणि गप्प उभे राहिले. पोरांनी कविता म्हटली. आवाज अकरा, पण उच्चार एक. हातही एकाच दोरीनं ओढल्यासारखे उठत होते. तिसऱ्या ओळीला सगळी पोरं मध्येच थांबली. कुणी काही बोललं नव्हतं. अकरा माना एकदम हलल्या आणि कुणीतरी चूक सांगितल्यावर घ्यावी तशी सगळ्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.

“व्हय, बाई,” शेवटी शिवराज म्हणाला. तो रांगेत सगळ्यात मागं होता आणि नाक पुसत होता.

त्या दिवशी घरी सखूबाईंनी सदरा धुवायला घेतला. “खांद्यावर हे काय आनलंय? खडू?”

उजव्या खांद्यावर पांढरी चार बोटं उमटलेली होती. कुणीतरी पुढचं नीट दिसावं म्हणून टेकून उभं राहिल्यासारखी. शाळेत पांढरा फळा आणि मार्कर येऊन तीन वर्षं झाली होती.

आप्पा दुसऱ्या दिवशी वैजनाथ सरांपुढं जाऊन बसले. “द्वारकाबाई कशा शिकवायच्या हो?”

“डाव्या हातानं,” सर म्हणाले. “अख्खी कविता आरशातल्यासारखी उलटी करायच्या. तालुक्यात तसं कुनालाच जमत न्हवतं. का?”

आप्पांनी का ते सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पोरं चांगली म्हनतेत ना?”

“लई चांगली.”

“मग राहू द्या. मयत कर्मचाऱ्याची हजेरी कोन्त्या रकान्यात भरायची, याचं परिपत्रक न्हाय आपल्याकडं.”

आप्पांना भीती वाटली होती, हे खरं. पण रात्रीच्या जेवणापर्यंत तिची जागा दुसऱ्याच गोष्टीनं घेतली. एकतीस वर्षांनंतर स्टँडवरून त्यांना एका बाईनं उठवलं होतं. ती निदान यंत्रातली होती. आणि आता आयुष्यात पहिल्यांदा अकरा माणसं आपल्याकडं तोंड करून बसतात, तर तीही बघणार दुसरीकडंच? आप्पांनी जेवण अर्धं टाकलं आणि आरशासमोर उभं राहून डावा हात बसवायला घेतला.

“डास हाय का?” सखूबाईंनी विचारलं.

“शेळी हाय.”

सखूबाईंनी अर्धं राहिलेलं ताट झाकून ठेवलं.

आठ दिवसांत डावा हात बसला. चष्मा बसला, रवंथ बसला. आता बाईंची गरज नाही, असं आप्पांनी रिकाम्या वर्गात मोठ्यानं सांगूनही ठेवलं. पण सरावाला पोरं तिकडंच बघत राहिली.

स्पर्धा शाळेतच होती. स्टेज म्हणजे वर्गाबाहेरचा हातभर उंच ओटा. दुपारचं ऊन, समोर सतरंजी, सतरंजीवर गाव, खुर्च्यांवर परीक्षक. आप्पांनी स्टँडवरच्या जुन्या सहकाऱ्यांनाही बोलावलं होतं. पाहुण्यांसाठी आणलेला गुलाबी फेटा एक उरला होता, तो आप्पांनी मागून घेतला. मग ते ओट्यासमोर गेले, हिशेबानं उजवीकडं एक पाऊल सरकले आणि पोरांची नजर जिथं लागायची, बरोबर तिथं फेट्यासकट उभे राहिले.

तिथं उन्हातही गार होतं. आप्पा हलले नाहीत. त्यांनी डावा हात उंच केला.

अकरा पोरं त्यांच्याकडं बघत होती. थेट त्यांच्याकडं, डोळ्यात डोळे घालून. आप्पांचा ऊर भरून आला. पण एकाही पोराचा हात उठला नाही आणि कुणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. एका परीक्षकानं पेनाचं टोपण काढलं. आप्पांच्या मानेवर कुणीतरी अगदी हळू श्वास सोडला. दमलेल्या शिक्षिकेनं सोडावा तसा.

पोरांच्या माना एकदम उजवीकडं कलल्या. मग एकदम डावीकडं. मग अकराही जणं टाचा उंचावून उभी राहिली.

शेवटी प्रतीक्षा दोन पावलं पुढं आली. माईक तिच्या तोंडाशीच होता, त्यामुळं ती हळू बोलली तरी मागच्या लिंबापर्यंत ऐकू गेलं.

“आप्पा, जरा बाजूला सरका की. बाई दिसनात.”