अकराच्या आत कैची नाही

मास्तरांनी आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि ती चांगली अकरा वर्षं पचली. थाप अशी, की ताग्यातून सोडलेलं कापड टेबलावर तीन तास निवलं पाहिजे, नाहीतर शिवल्यावर आखडतं. प्रत्यक्षात आखडायची ती मास्तरांची बोटं.

संधिवात होता. सकाळी मूठ वळत नसे. बायको कोमट पाण्याचं पातेलं पुढे सरकवी, शर्टाची बटणं लावून देई आणि वर ऐकवायची संधी सोडत नसे. "जगाचे कपडे बेतणारा माणूस, आणि बटणं मी लावायची." खडू कसाबसा चिमटीत धरता येई, पण कैचीत बोटं जात नसत. दहा-साडेदहापर्यंत ती सैल होत, अकराला कैची धरता येई, आणि मग मास्तरांसारखा हात त्या कारखान्यात कुणाचा नव्हता. हे दुखणं जन्माचं आहे, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. पण हातच धड नसलेल्या कापणाऱ्याला कामावर कोण ठेवणार? म्हणून ते निवणं.

कारखाना लहानसा, कामगारांचे कोट आणि ॲप्रन शिवणारा. कापायला दोघंच होते, मास्तर आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या ताई. आठला कापड अंथरायचं, नऊपर्यंत खडूने आखायचं आणि मग अकरापर्यंत नुसतं बसायचं. कापड उशिरा हातात घेतल्यावर सुटायलाही सात वाजत. ताईंनी कधी शंका काढली नाही. उलट कुणी घाई केली की त्याच दटावत, "मास्तरांनी सांगितलंय ना, अकराच्या आत कैची नाही."

मग म्हातारे मालक घरी बसले आणि त्यांची मुलगी कारभार बघू लागली. ती हे काम रीतसर शिकून आलेली. आठवडाभर तिने नुसतं पाहिलं आणि एका सकाळी साडेआठला टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, ताणणारं कापड निवू देतात हे खरं. पण हे जाड सुती आहे. याला कशाला?"

"पहिल्यापासूनची रीत आहे."

"आजवर एक कोट आखडून परत आलेला नाही, मॅडम," ताई पलीकडून म्हणाल्या. मास्तरांना त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मग आज न निवता बघू. कापा." तिने कैची त्यांच्यापुढे धरली. बोलण्यात खोच नव्हती, नुसती उत्सुकता होती.

अंगठा कसाबसा आत गेला. बाकीची बोटं जाईनात. मास्तरांनी डाव्या हाताने ती ढकलून पाहिली, तशी कैची सुटून टेबलावर आदळली. ताईंची नजर त्या बोटांवर खिळली.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "संधिवात आहे," मास्तर म्हणाले. "सकाळी बोटं वळत नाहीत. निवण्याचं मी रचलेलं होतं." एवढं बोलून त्यांनी गळ्यातली टेप काढून घडी घालायला घेतली. त्यांच्या हिशेबी नोकरी संपली होती.

मालकांच्या मुलीने खडूच्या रेघांवरून नजर फिरवली. "तुमच्यासारखं बेतणं मला जमत नाही. सकाळी तुम्ही आखा, ताई कापतील. अकरानंतर तुम्हीही कापा. फक्त यापुढे काही असलं तर मला सरळ सांगा." आणि ती फोन घ्यायला निघून गेली.

बस्स, एवढंच. अकरा वर्षं जिवाला लागलेला घोर एका दमात मिटला. मास्तरांना इतकं हलकं वाटलं की ते एकटेच हसले, आणि हसतच ताईंकडे वळले.

ताई कापायला लागल्या होत्या. रेघ संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"रागावलात का, ताई?"

"माझी मुलगी चारला शाळेतून यायची, मास्तर. घरी आम्ही दोघीच. कुलूप काढून सातपर्यंत एकटी बसायची ती." त्यांनी कापलेला तुकडा बाजूला ठेवला. "मला सांगितलं असतंत, तर सकाळी तुमच्या वाटचंही मीच कापलं असतं. मग दोघंही वेळेवर घरी गेलो असतो. आणि मी कुणाला बोलले नसते."

अकरा वर्षं मास्तर मालकांना भीत होते. शेजारच्या टेबलाचा विचार त्यांच्या मनालाही शिवला नव्हता.

त्या दिवशी चारला ताईंचं काम आटोपलं. पिशवी उचलून त्या दारापर्यंत गेल्या, थोडा वेळ तिथेच थांबल्या आणि परत येऊन उद्याचा तागा सोडू लागल्या.

"अहो, जा की आता," मास्तर म्हणाले.

"जाऊन करू काय? ती गेल्या वर्षीच नोकरीला लागली, दुसऱ्या गावी," ताई म्हणाल्या. "धरा ते टोक."

मास्तरांनी टोक धरलं. बोटं मोकळी होती.