डिस्क शंभर टक्के

ओठ फाटला होता आणि रक्त कीबोर्डवर ठिबकत होतं. सकाळी नवऱ्यानं तिला दुकानातल्या खिळ्यांच्या खोक्यांवर आपटलं, वर लाथा घातल्या. रागाच्या भरात डोक्यावरच्या कॅमेऱ्याचं त्याला भानच राहिलं नाही. आता तो मागच्या गोदामात घोरत होता. उठला की ते रेकॉर्डिंग आधी पुसणार, हे ती ओळखून होती. त्याआधी ते पेनड्राइव्हवर उतरायला हवं होतं. नाहीतर तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? पण माउस जागचा हलेना.

तिनं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या धाकट्या भावाला फोन लावला.

"मेलाय रे हा डबा."

"मेला नाही ताई, धापा टाकतोय. टास्क मॅनेजर उघड. डिस्क किती दिसतेय?"

"शंभर टक्के."

"कॉपी किती वेळा केलीस?"

"हलेना म्हणून... चारदा."

"अगं बाई! चारही एकदम चालू आहेत. एक ठेव, बाकीच्या बंद कर."

तिनं केल्या. पट्टी सरकली, पण रखडत.

"कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कुठे जातं?"

"ह्याच डिस्कवर. वेगळं यंत्र घ्यायला तुझ्या दाजींचा हात आखडतो. मारायला तेवढा सैल."

"मग आठ कॅमेरे सारखे लिहितायत, तुझ्या फाइलला वाट कुठून मिळणार? रेकॉर्डिंग थांबव."

तिचं बोट थबकलं. "आणि तो आत्ता आला तर? ते कोण बघणार?"

पलीकडे मोटरसायकलची किल्ली खणखणली. "निघालोच मी, ताई. पाच मिनिटांत पोचतो."

तिनं बटण दाबलं. आठही चौकटी काळ्या पडल्या आणि पट्टी सुसाट सुटली. तेवढ्यात गोदामाचं दार धाडकन उघडलं.

नवऱ्यानं काळा पडदा पाहिला, पेनड्राइव्ह पाहिला आणि हसला. "कॅमेरे बंद? बरं झालं." केस धरून त्यानं तिचं कपाळ काउंटरवर आपटलं. ती कॉम्प्युटरवर पालथी पडली आणि हटली नाही. त्यानं बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी कडकन मोडलं. डोळ्यांसमोर अंधारी येत असताना तिला पट्टी पूर्ण झालेली दिसली.

त्यानं पेनड्राइव्हला हात घातला. तिनं शेजारी टांगलेला हातोडा ओढला आणि त्याच हातावर घातला. हाडं चुरली. दुसऱ्या हातानं त्यानं तिचा गळा धरला, तेव्हा दुसरा घाव गुडघ्यावर बसला. तो बोंब मारत फरशीवर कोसळला.

"पोलिसांना सगळं दाखवतो तुझं!"

"दाखव की," काळ्या पडद्याकडे बघत ती म्हणाली. पेनड्राइव्ह उपटून, बरगडी दाबत, रस्त्यावर नुकत्याच येऊन थांबलेल्या भावाच्या मोटरसायकलकडे ती निघाली.